पटावरून कमी झालेली नावे

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख यांच्या खाली अभ्यासातील प्रगती व वर्तणूक असे दोन रकाने असतात, आणि त्यांच्याही खाली शाळा सोडण्याचे कारण नोंदवण्यासाठी थोडी जागा राखलेली असते. महाराष्ट्रातील शालेय शिस्तीचा इतिहास लिहावयास जो कोणी बसेल त्याने, माझ्या मते, छडीपासून आरंभ न करता या शेवटच्या जागेपासून करावा. कारण छडीचे वळ आठवडाभरात मावळतात, पुढे प्रौढ वयात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांच्या आठवणी कौतुकाने सांगितल्याही जातात, परंतु ज्या मुलाचे नाव पटावरून कमी झाले ते अशा मेळाव्याला कधी बोलावलेच जात नाही, आणि म्हणून त्याची बाजू इतिहासात फारशी उतरत नाही. शिक्षा सौम्य होती की कठोर होती, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण शिक्षा झाल्यानंतर ते मूल शाळेत राहिले की शाळेबाहेर गेले, आणि बाहेर गेलेली मुले बहुधा कोणाच्या घरची होती, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. गेल्या दोनशे वर्षांचा वृत्तान्त या प्रश्नाच्या प्रकाशात वाचला म्हणजे त्याला वेगळाच अर्थ येतो.

इंग्रजी अमल सुरू होण्यापूर्वी, आणि तो सुरू झाल्यावरही कित्येक दशके, मराठी मुलखात अक्षरओळखीचा भार गावोगावच्या पंतोजींवर होता. देवळाच्या ओवरीत, एखाद्या सुखवस्तू गृहस्थाच्या पडवीत किंवा पंतोजींच्या स्वतःच्या ओसरीवर शाळा भरे. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवून झाली की बोरू आणि कागद हाती येई, मोडीचा कित्ता वळवावा लागे, आणि दिवस कलल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचा परवचा सगळी मुले एका सुरात म्हणत. 1829 च्या सुमारास झालेल्या सरकारी मोजदादीत मुंबई इलाख्यात अशा सुमारे 1,700 शाळा आणि त्यांत 35,000 च्या आसपास विद्यार्थी असल्याचे आढळले. इलाख्याच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा लहान होता, आणि त्यात मुली जवळजवळ नव्हत्याच. ज्या जातींना स्पर्शही वर्ज्य मानला जाई त्यांच्या मुलांची तर या ओसरीची पायरी चढण्याची प्राज्ञा नव्हती. शिस्तीच्या इतिहासातील पहिली शिक्षा ही अशी, कोणताही अपराध घडण्यापूर्वीच दिली गेलेली होती.

जी मुले ओसरीवर बसत त्यांच्या वाट्याला येणाऱ्या शिक्षांची यादी मोठी होती. अंगठे धरून ओणवे उभे करणे, कोंबडा करणे, कान पिळणे, उठाबशा काढायला लावणे, तळहातावर आणि पोटऱ्यांवर छडी ओढणे हे नित्याचे. खांबाला बांधून ठेवणे किंवा हात बांधून तुळईला टांगणे हे विशेष प्रसंगीचे. जो मुलगा शाळेला बुट्टी मारी त्याला आणण्यासाठी पंतोजी वर्गातील चार थोराड मुले धाडीत आणि ती त्याला हातपाय धरून, भर रस्त्यातून, आरडाओरडा करणाऱ्या स्थितीत उचलून आणीत. ही केवळ मराठी मुलखाची रीत होती असे मात्र नाही. विल्यम ॲडम याने 1838 साली बंगालमधील देशी शाळांविषयी जो अहवाल सादर केला त्यात तेथील शिक्षांचे प्रकार एकेक करून नोंदले आहेत, आणि त्यांत मुलाला खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्याबरोबर किंवा मांजराबरोबर पोत्यात घालण्याचाही समावेश आहे. त्याच अहवालात मुले गुरुजींच्या बैठकीखाली काटे कसे पेरीत याचीही हकिकत आहे. भयावर उभारलेल्या व्यवस्थेत सूड हा उभयपक्षी असतो, हे ॲडमच्या त्या दोन याद्या शेजारीशेजारी ठेवल्या की वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि पंतोजींच्या क्रौर्याला एक मर्यादा होती, आणि ती त्यांच्या उपजीविकेने घातलेली होती. त्यांना सरकारी वेतन नव्हते. पाटीपूजनाची दक्षिणा, अमावास्या-पौर्णिमेचा शिधा, सुगीच्या वेळचे धान्य आणि महिन्याकाठी मिळणारे थोडे पैसे यांवर त्यांचा प्रपंच चाले. एक मूल शाळेतून गेले म्हणजे एका घरचा शिधा गेला, हे त्यांना पक्के ठाऊक असल्यामुळे, मुलाला कितीही बडवले तरी त्याला कायमचे घालवून देणे त्यांना परवडत नसे. मुलाला पळून जाऊ न देण्यामागे माया किती आणि शिधा किती याचा निवाडा आज करता येणार नाही. पण पुढे जेव्हा शिक्षकाचा पगार खजिन्यातून मिळू लागला आणि मुलाच्या जाण्याने शिक्षकाच्या चुलीवर परिणाम होईनासा झाला, तेव्हा ही मर्यादा नाहीशी झाली, एवढे निश्चित म्हणता येईल.

नव्या शाळांबरोबर शिस्तीची एक नवी कल्पना या देशात आली, आणि नवल असे की ती याच देशात जन्मलेली होती. मद्रासजवळ एगमोर येथे 1789 साली निघालेल्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यांनी, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे अशी पद्धत तेथे रूढ केली. ती त्यांना मलबारी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून सुचली, असे सांगतात. 1797 साली लंडनमध्ये त्यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. त्यात शिकवण्याच्या युक्तीची जेवढी चर्चा पुढे झाली तेवढी त्याच वृत्तान्तातील दुसऱ्या एका गोष्टीची झाली नाही. आश्रमात कोणी आगळीक केली तर ती एका वहीत टिपली जाई, ठराविक दिवशी सर्व मुलांसमोर ती वाचली जाई, आरोप असलेल्या मुलाची कैफियत ऐकली जाई, आणि त्याच्याच बरोबरीच्या मुलांमधून नेमलेले पंच निर्णय देत. मारण्याची वेळ क्वचितच येते, असा बेल यांचा दावा होता. त्याच सुमारास इंग्लंडात जोसेफ लँकेस्टर यांनी तशीच पद्धत चालवली. त्यांनीही फटके टाळले, परंतु त्यांच्या जागी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे, त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे अशा बेअब्रूच्या शिक्षा योजल्या.

मुंबईत 1822 साली गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाने जी शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, तिने या परस्परशिक्षणाच्या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि 1826 साली मंडळीने तयार केलेले शिक्षक दक्षिणेत, कोकणात व गुजराथेत धाडले गेले. पद्धतीतील मॉनिटर आपल्या वर्गांत असा काही रुजला की आजही तो फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्या मुलांची नावे लिहीत उभा असतो. पंच मात्र रुजले नाहीत. आरोपाची वही आली आणि कैफियत मागे राहिली. मुलाचे नाव फळ्यावर लिहिण्याचा अधिकार मुलाला मिळाला, पण ते नाव का लिहिले हे विचारण्याचा अधिकार कोणालाच मिळाला नाही. आपल्या शालेय इतिहासातील ही मोठी हुकलेली संधी होय, असे मला मनापासून वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्याखाते स्थिरस्थावर झाले आणि खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत सुरू झाली. डेप्युटीसाहेबांची तपासणी हा शाळेच्या वर्षातील सर्वांत धास्तीचा दिवस ठरला. शेरेबुकात प्रतिकूल शेरा पडू नये म्हणून शिक्षक आठवडेच्या आठवडे मुलांकडून घोकून घेत, आणि वरून आलेले भय छडीच्या वाटेने खाली उतरे. घरी आई-बाप निरक्षर असलेले, हंगामात शेतावर राबणारे मूल या घोकंपट्टीत सर्वांच्या मागे पडणार हे उघड होते. म्हणून तपासणीच्या भयाचा अधिकांत अधिक मार तेच खाई, आणि तपासणीच्या दिवशी त्याने न आलेलेच बरे, असेही त्याला सुचवले जाई.

येथवर मी मार खाणाऱ्या मुलांविषयी बोललो. ज्यांना मार खाण्यासाठीसुद्धा आत घेतले जात नव्हते त्यांची हकिकत धारवाडच्या एका दरखास्तीतून समजते. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडमध्ये 1856 सालच्या जून महिन्यात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. न्याय तत्त्वतः मुलाच्या बाजूचा आहे हे सरकारने आपल्या ठरावात मान्य केले, पण एका मुलाला घेतल्याने इतर सारी मुले शाळा सोडतील आणि शाळा निरुपयोगी होईल, असे कारण देऊन त्याला दाराबाहेर ठेवले. प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी 1858 साली सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात असे कळवले. परंतु कागदावरील हुकूम आणि शाळेचा उंबरठा यांच्यामधले अंतर कापण्यास त्यानंतर दोन पिढ्या लागल्या. ज्याने काही अपराध केला नव्हता त्याला शिक्षा झाली, आणि जे त्याच्या शेजारी बसण्यास नकार देणार होते त्यांच्या संभाव्य बंडखोरीला शाळेने आधीच शरणचिठ्ठी लिहून दिली. शिस्त कोणाची मोडली आणि दंड कोणाला झाला, याचा असा व्यत्यास या इतिहासात वारंवार दिसतो.

जोतीराव फुले यांना शाळेतून काढले जाण्याचा अर्थ अनुभवाने ठाऊक होता. माळ्याच्या मुलाला शिकवून काय करणार, या सल्ल्याला बळी पडून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले होते, आणि गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी आग्रह केला नसता तर 1841 साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत परत गेलेच नसते. त्यांनी 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तितकी सर्वश्रुत नसलेली गोष्ट ही की, 1869 साली त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी या विषयावर एक पवाडा रचला आणि त्यात सरकारी शाळांतील शिक्षक स्वजातीच्या मुलांना एका रीतीने व कुणब्या-माळ्यांच्या मुलांना दुसऱ्या रीतीने कसे वागवतात, त्यांना मारून शाळेतून कसे पिटाळतात, याची जाहीर फिर्याद मांडली. छडी सर्वांवर सारखी पडत नाही, ती वर्गातही जात पाहून पडते, आणि तिचा खरा परिणाम परीक्षेच्या निकालात न दिसता पटावर दिसतो, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे त्यांच्यापूर्वी कोणी सांगितले असल्यास माझ्या पाहण्यात नाही. 1882 साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन सादर केले त्यातही, प्राथमिक शाळांतील शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील व नांगर धरण्यास लाजणार नाहीत, अशी मागणी केली. शिक्षक आणि मूल यांच्यामधले अंतर कमी झाले की छडीची गरज कमी होते, हा विचार त्या मागणीच्या पोटात आहे.

कमिशन आले आणि गेले. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वर्गात वेगळा बसत होता, आणि संध्याकाळी तो तुकडा घरी घेऊन जात होता, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवण्यास तयार नव्हता. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी घालावे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हा वृत्तान्त बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. यात कोणी कोणाला मारले नाही, कोणी अपशब्द उच्चारला नाही. शाळेच्या नेमाप्रमाणे सारे सुरळीत चालले होते, आणि नेमकी तीच गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे मोठेपण असे की, शिस्तीचा रोख त्यांनी मुलांकडून शिक्षकांकडे वळवला. 1917 साली त्यांनी संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. 1919 च्या आरंभी त्यांनी हुकूम काढला की, शिक्षणसंस्थांतील नोकरांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना समतेने आणि ममतेने वागवावे, आणि ज्यांना ही गोष्ट मान्य नसेल त्यांनी नोकरी सोडावी. त्याच वर्षी दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचे फर्मान निघाले. वर्तणुकीचा रकाना आजवर विद्यार्थ्याच्या दाखल्यावर होता. महाराजांनी तो शिक्षकाच्या नोकरीच्या अटींत घातला. इतक्या थोड्या शब्दांत इतका मूलगामी पालट घडवणारा दुसरा हुकूम आपल्या शिक्षणाच्या दप्तरात सापडणे कठीण आहे.

त्याच कोल्हापुरात काही वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. कुंभोजचे भाऊराव पाटील राजाराम हायस्कुलात शिकत असता जैन वसतिगृहात राहत होते. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना शुद्धीसाठी आंघोळ करण्यास सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला, आणि शिस्तभंगाबद्दल त्यांना वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. महाराजांनी आश्रय दिला म्हणून ते उघड्यावर पडले नाहीत. शिस्तीच्या नावाखाली विषमतेचेच रक्षण कसे होते, हे ज्याने विद्यार्थिदशेत भोगले, त्याने पुढे 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन मुले एका पंक्तीला जेवत, स्वयंपाकही मिळून करीत आणि पाणीही मिळून भरीत. गांधीजींनी 1927 साली त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. तेथे शिस्त नव्हती असे नव्हे; पहाटे उठणे, अंगमेहनत करणे, शेतात राबणे हे सारे कडक होते. परंतु काम सर्वांना सारखे होते, आणि शिस्त मोडली म्हणून जातीकडे बोट दाखवण्याची सोय कोणालाही नव्हती.

भाऊरावांची शिस्त कष्टाची होती. साने गुरुजींची लज्जेची नव्हे, स्नेहाची होती. 1924 साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून प्रथमच दुरावलेली ती मुले; त्यांची अंथरुणे तशीच पसरलेली राहत, मळके कपडे कोपऱ्यात साठत, खोल्या झाडल्या जात नसत. दुसऱ्या कोणत्याही अधीक्षकाने अशा खोल्यांची यादी करून दंड बसवला असता. मुले शाळेत गेली म्हणजे गुरुजी स्वतः त्या खोल्यांत शिरत, अंथरुणांच्या घड्या घालीत, केर काढीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. आणि याबद्दल मुलांना एक अक्षर बोलत नसत. काही दिवसांत मुलेच आपापली खोली आवरू लागली. रोज पहाटे स्वहस्ते लिहून ते ‘छात्रालय दैनिक’ काढीत, आणि छात्रालयात घडणाऱ्या बऱ्यावाईट गोष्टींविषयी त्यात लिहीत. या गोष्टीला भाबडेपणा म्हणणारे त्या काळीही असतील, आजही आहेत. मी तसे म्हणणार नाही. अव्यवस्थेचे कारण खोडसाळपणा नसून घरापासूनचे तुटलेपण आहे, हे ओळखून त्या तुटलेपणावरच उपाय करणे, ही शिस्तीच्या प्रश्नाची अत्यंत काटेकोर चिकित्सा आहे. ती हृदयातून आली म्हणून कमी शास्त्रीय ठरत नाही. 1930 साली सत्याग्रहासाठी गुरुजींनी नोकरी सोडली. अमळनेरचे ते काम अवघ्या सहा वर्षांचे, पण त्याचे विद्यार्थी आयुष्यभर त्यांचे राहिले.

याच काळात भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका मारावाचून शिकवण्याचे प्रयोग करीत होते, आणि त्यांच्याबरोबर काम करण्यासाठी ताराबाई मोडक तेथे गेल्या होत्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 1936 साली दादरला शिशुविहार निघाला. पण ताराबाईंच्या कामाचा आपल्या विषयाशी जो गाभ्याचा संबंध आहे तो 1945 साली बोर्डीला, आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी केलेल्या कामात आहे. डहाणूच्या त्या परिसरात 1945 सालीच वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. पिढ्यान्पिढ्या सावकाराच्या शेतावर राबलेल्या घरांतील ही मुले. त्यांना शाळेत आणावे तर ती येत नसत, आली तर टिकत नसत, आणि सरकारी हजेरीपटाच्या दृष्टीने ती सारी गैरहजर, म्हणजे अपराधी, होती. ताराबाईंनी विचारले की ही मुले दिवसभर असतात कोठे. ती कुरणात गुरे राखीत असत. तेव्हा शाळा कुरणात गेली.

त्या कुरणशाळेचे स्वरूप जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन माळावर जात; गुरे चरत असत आणि झाडाखाली मुले बसत; बिया, खडे, शिंपले, पाने यांवर मोजणी होई, गाणी होत, अक्षरे होत. एखादे जनावर दुसऱ्याच्या शेताकडे वळले की त्याचा राखणदार मधूनच उठून धावे, त्याला वळवून आणी आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसे. नेहमीच्या वर्गात परवानगीवाचून उठणे हा गुन्हा. येथे न उठणे हा कामचुकारपणा ठरला असता. जी लहान भावंडे सांभाळण्यासाठी मुली घरी राहत त्या भावंडांसाठी अंगणात बालवाडी भरवली, म्हणजे मोठ्या मुली मोकळ्या झाल्या. मुलांची नावे नियमात बसावीत म्हणून नियम मुलांच्या आयुष्याकडे नेऊन बसवला, आणि पटावरून जी नावे कमी झाली असती ती पटावर राहिली. बेल यांच्या पंचांप्रमाणे हाही एक हुकलेला प्रयोग ठरू नये, अशी माझी तळमळ आहे. कारण ऊसतोडीच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडून पश्चिम महाराष्ट्रात येणाऱ्या टोळ्यांबरोबरची मुले आजही सहा सहा महिने हजेरीपटावर गैरहजरच असतात.

कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. 1860 च्या दंडसंहितेतील 88 व 89 या कलमांनी हिताच्या हेतूने केलेल्या कृत्यांना जे संरक्षण दिले त्याच्या आधारे शिक्षकाच्या छडीचे समर्थन शतकभर होत राहिले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षेला शाळेत थारा नसावा असे म्हटले. 1992 साली भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला संमती दिली. 2000 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील नियमावलीतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द ठरवली. तरीही 2007 साली केंद्र सरकारच्या पाहणीत शाळकरी मुलांपैकी दर तिघांत दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. शेवटी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली, आणि 16 व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही असे ठरवले. 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत अनुत्तीर्ण मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. काढून टाकण्याची बंदी मात्र कायम आहे. या दोन कलमांपैकी सतराव्याचा बोलबाला अधिक. माझ्या मते सोळावे अधिक खोल आहे.

बंदीने छडी गेली, पण तिच्या जागी काय आले हे पाहिले पाहिजे. मुलाला आठ दिवस घरी बसवणे, पालकांना बोलावून सर्वांसमोर अपमान करणे, दाखला घेऊन जाण्याचा सल्ला देणे या गोष्टी कोणत्याही वळाशिवाय तेच काम करतात. ज्याचे वडील मजुरी बुडवून शाळेत येऊ शकत नाहीत, ज्याच्या आईला शिक्षकांपुढे उभे राहण्याचे भय वाटते, ज्याच्या जमातीवर इंग्रजी अमलातील गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच ठपका ठेवला होता, त्या पारध्याच्या वा कैकाड्याच्या मुलावर वर्गातील पेन हरवले की पहिली नजर जाते, आणि हे सारे त्याच्याच वाट्याला आधी येते. रेणू गावस्कर यांनी मुंबईच्या डेव्हिड ससून सुधारगृहातील मुलांच्या सहवासावर ‘आमचा काय गुन्हा?’ हे पुस्तक लिहिले आहे. ज्या संस्थेचे मूळ 1857 पर्यंत मागे जाते तिच्यातील मुलांचा हा प्रश्न, शाळांनीही आपल्याला विचारलेला समजावा असा आहे.

याउलट, 1985 साली लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढले आणि भय व शिक्षा यांना स्थान न देता मराठी माध्यमाची शाळा चालते हे दाखवून दिले. तंटा झाला तर ज्याने केले त्याने आणि ज्याला लागले त्याने समोरासमोर बसावे, काय घडले ते दोघांनीही सांगावे, दुखावलेल्या मुलाला काय हवे ते आधी ऐकावे, आणि झालेले नुकसान कसे भरून काढायचे ते ज्याने केले त्यानेच सुचवावे, ही रीत ज्या ज्या शाळांनी धरली त्यांना वेळ अधिक द्यावा लागतो हे खरे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाकडून तिची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, आणि जनगणना, निवडणूक, माहिती भरणे या कामांत गुंतलेल्या शिक्षकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. शिक्षकाला सवड देणे हा या सुधारणेचा अर्धा भाग आहे.

उरलेला अर्धा भाग गावाच्या हाती आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित वर्गांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. या समितीच्या पुढील बैठकीला जे वाचक सभासद म्हणून बसतील त्यांना माझी विनंती आहे की इमारतीच्या रंगाचा आणि पोषण आहाराच्या धान्याचा विषय संपला म्हणजे हजेरीपट मागून घ्यावा, गेल्या वर्षभरात ज्या मुलांची नावे कमी झाली किंवा जी महिनोन्महिने गैरहजर आहेत त्यांची यादी मोठ्याने वाचावी, ती कोणत्या वस्तीतील आहेत ते विचारावे, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या घरी त्या आठवड्यात कोण जाणार हे बैठक संपण्यापूर्वी ठरवावे.